मासिक अभ्यास : वाढ झाली, पण कशाची?



गेल्या महिन्यात आपल्या कुटुंब गटावर भूतानचा तो फॉरवर्ड पुन्हा आला. दर सहा महिन्यांनी येतोच. डोंगर, रंगीत पताका, हसरी मुलं आणि खाली मजकूर : हा जगातला सगळ्यात सुखी देश, इथं पैसा मोजत नाहीत, आनंद मोजतात. तासाभरात त्याखाली तीस-चाळीस नमस्कार जमले. मग बडोद्याच्या एका भाच्यानं लिहिलं, "मामा, एवढं सुख आहे तर तिथली पोरं ऑस्ट्रेलियाला का पळतायत?" इंदूरच्या एका ताईंना ते लागलं. त्यांनी उत्तर दिलं, "सगळंच पैशात मोजायची सवय लागली की असंच दिसतं बाळा." त्यानंतर दोन दिवस गटावर सुप्रभातसुद्धा कुणी टाकलं नाही.

गुरुवारच्या बैठकीत ठरलं की या महिन्याचा अभ्यास यावरच घ्यायचा. लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी गोव्यातल्या खाणपट्ट्यातला, डिचोली तालुक्यातला माणूस. वाढ म्हणजे काय ते आमच्या दारावरून रोज शंभर ट्रकांनी गेलेलं आहे. लेख जरा लांबलाय. एका बैठकीत नाही झाला तर दोन बैठकांत वाचा, पण घरात मोठ्यानं वाचा.

आधी भूतानचं बघू. तिथले चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७० च्या दशकात म्हटलं की देशाच्या एकूण उत्पादनापेक्षा देशाचं एकूण सुख महत्त्वाचं. २००८ च्या त्यांच्या राज्यघटनेत ही गोष्ट आली. देशाची किमान ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहिली पाहिजे, हेही त्याच घटनेत आहे. तो देश जेवढा कर्बवायू सोडतो त्याहून जास्त त्याची जंगलं शोषून घेतात. हे सगळं खरं आणि कौतुकाचं आहे. पण २०१९ च्या जागतिक आनंद अहवालात १५६ देशांमध्ये भूतानचा नंबर ९५ वा होता. आणि भाचा म्हणतो तेही खरं, गेल्या काही वर्षांत तिथली शिकलेली मुलं मोठ्या संख्येनं ऑस्ट्रेलियाला गेली आहेत.

आणखी एक गोष्ट फॉरवर्डमध्ये कधीच नसते. भूतान सुख मोजताना नऊ अंगं बघतो. त्यात मनाची स्थिती आहे, वेळेचा वापर आहे, आरोग्य, शिक्षण, निसर्ग आहे, आणि राहणीमानसुद्धा आहे. म्हणजे पैसा मोजायचाच नाही असं ते कधीच म्हणाले नाहीत. एकटा पैसा मोजू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. फॉरवर्ड अर्धा होता आणि भाच्याचा प्रश्नही अर्धाच होता. उरलेला अर्धा मी माझ्या घरातून सांगतो.

२००८ साली आमच्या अंगणात ट्रक आला. थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, बँकेचं कर्ज काढून घेतला. तेव्हा चीनला लोखंडाची एवढी भूक लागली होती की पूर्वी टाकाऊ म्हणून ढिगावर ओतलेलं हलक्या प्रतीचं खनिजही उचललं जायचं. खाणीवरून ट्रकनं नदीच्या धक्क्यावर, तिथून बार्जमधून मांडवी-झुवारीनं मुरगाव बंदरात. जेवढ्या खेपा तेवढे पैसे. दादा पहाटे चारला निघायचा. त्या चार वर्षांत आमच्या घरावर स्लॅब पडला, पुतणी इंजिनियरिंगला गेली, आणि आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कुणापुढं हात न पसरता झालं. त्या दिवशी दादाच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी सुखच म्हणेन. दुसरा शब्द शोधायची गरज नाही.

त्याच चार वर्षांत परसातली विहीर बिघडली. आजोबांच्या काळापासून मे महिन्याच्या अखेरपर्यंत तिला पाणी असायचं. २०१० मध्ये मार्चमध्येच तळ दिसायला लागला. कारण साधं होतं. खाणीचे खंदक भूजलाच्या पातळीच्याही खाली गेले होते. तळाचं खनिज काढायचं तर खंदकात झिरपणारं पाणी रात्रंदिवस पंपानं उपसून ओढ्यात सोडावं लागतं. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं एकच. तिकडं उपसलं की इकडच्या विहिरी, झरी, कुळागरातले पाट आटणार. पावसाळ्यात खाणीच्या ढिगाऱ्यांची माती वाहून खालच्या शेतात बसली ती वेगळीच. मग गावात टँकर यायला लागला.

आता हिशेब बघा. विहिरीचं पाणी आम्ही पन्नास वर्षं प्यालो, पण देशाच्या उत्पन्नात त्याची किंमत शून्य, कारण ते कुणी विकलं नाही. टँकर आला तेव्हा मात्र डिझेल विकलं गेलं, ड्रायव्हरला पगार मिळाला, बिल फाटलं. ते सगळं उत्पन्नात मिळवलं गेलं. खनिज विकलं तेही मिळवलं गेलं. म्हणजे त्या वर्षी आमच्या गावामुळे जीडीपी दोनदा वाढला, एकदा खाण चालली म्हणून आणि एकदा विहीर आटली म्हणून. यात कुणी लबाडी केलेली नाही. जीडीपी म्हणजे वर्षभरात झालेल्या मालाचं आणि सेवांचं पैशातलं मोल. ज्या गोष्टीची बाजारात देवघेव नाही ती त्या पट्टीला बहुधा दिसत नाही, आणि शिल्लक किती उरली हे सांगणं तिचं कामच नाही.

ही पट्टी तयार करणाऱ्यालाही ते माहीत होतं. सायमन कुझ्नेट्स नावाचे अर्थतज्ज्ञ होते. १९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेचं नक्की किती उत्पन्न बुडालं ते सरकारला कळत नव्हतं, म्हणून त्यांना राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब मांडायला सांगितला. १९३४ मध्ये तो अहवाल तिथल्या सिनेटपुढे गेला. त्या अहवालातच कुझ्नेट्सनी बजावून ठेवलं होतं की या आकड्यावरून लोकांचं बरं चाललंय की वाईट ते काढायला जाऊ नका. पुढं १९७१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आकडा सगळ्या जगानं घेतला, इशारा अहवालातच राहिला. तापमापक तापाचा आकडा सांगतो. त्यावरून कुणी साखर किती आहे ते सांगायला लागलं तर तापमापकाला दोष देऊन काय उपयोग?

आता जरा नाजूक प्रश्न. समजा एखाद्या घरानं आजीच्या पाटल्या विकल्या आणि ते पैसे 'या महिन्याची कमाई' म्हणून वहीत लिहिले. घरात टीव्ही आला, हॉटेलात जेवणं झाली, पाहुण्यांना वाटलं यांचं बरं चाललंय. कमाई आणि विक्री यांतला फरक आपल्या घरात आपल्याला लगेच कळतो. पण डोंगराखालचं खनिज, जे लाखो वर्षांत तयार झालं आणि एकदाच विकता येतं, ते विकलं की आपण सगळे त्याला राज्याचं उत्पन्न म्हणतो. दरडोई उत्पन्नात गोवा देशात पहिल्या दोन-चार राज्यांत असतो. मला त्याचा अभिमान होता. त्यात पाटल्या किती आणि पगार किती हे मी कधी विचारलं नव्हतं.

ते विचारणं भाग पडलं २०१२ मध्ये. सप्टेंबरमध्ये शाह आयोगाचा अहवाल संसदेत आला, बेकायदा खाणकामाचा. राज्य सरकारनं खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं खनिज काढण्यावर आणि वाहतुकीवरही बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयानं काही अटींवर वाट मोकळी केली. वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा, आणि विक्रीच्या किमतीतला १० टक्के भाग एका कायम निधीत बाजूला ठेवायचा, पुढच्या पिढ्यांसाठी. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं, पाटल्या विकताय तर निदान काही भाग नातवंडांच्या नावावर ठेवा, असंच सांगितलं म्हणा ना. पुढं फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणं रद्द झाली आणि मार्चमध्ये सगळं पुन्हा थांबलं.

नॉर्वेनं हेच काम मोठ्या प्रमाणावर केलंय. समुद्रातलं तेल विकून आलेला पैसा ते एका निधीत टाकतात आणि साधारणपणे त्याच्या अपेक्षित परताव्याएवढंच, आता वर्षाला सुमारे ३ टक्के, खर्च करतात. मुद्दल तसंच. पण त्यांच्याही हिशेबात एक ओळ सुटली आहे. त्यांच्या देशात आज नव्यानं विकल्या जाणाऱ्या दहा गाड्यांतल्या नऊहून जास्त विजेवर चालतात, आणि त्यांनी विकलेलं तेल दुसऱ्यांच्या गाड्यांतून जळतं. मुद्दल त्यांच्या निधीत, धूर सगळ्यांच्या हवेत. त्या धुराकडे मी पुढं येतो.

आधी दादाचं पूर्ण करतो. बंदी आली आणि ट्रक अंगणात उभा राहिला. हप्ते चालूच. दुसऱ्या पावसाळ्यात टायरवर वेल चढले. आमच्या भागात घरोघरी हेच चित्र, कारण ट्रकवाला, गॅरेजवाला, चहावाला, बार्जवरचा खलाशी सगळे त्याच एका गोष्टीवर होते. 'वाढ थांबवली पाहिजे' असं म्हणणाऱ्या शहाण्यांनी ते दोन पावसाळे आमच्याकडे येऊन राहायला हवं होतं. विहीर लगेच भरली नाही, आणि ताटातलं मात्र लगेच कमी झालं. त्या काळात घरी कुणी 'पैशात काय आहे, मनःशांती महत्त्वाची' असं म्हणालं की दादा ताटावरून उठून आत जायचा. असं म्हणणारा बहुतेक वेळा मीच असायचो. माझा पगार चालू होता.

म्हणून आपल्या गटाचं जे लाडकं गृहीतक आहे, पैशात सुख नाही, ते आपण तपासून घेतलं पाहिजे. बाहेरच्यांची गृहीतकं तपासणं सोपं असतं. या विषयावर गेल्या पन्नास वर्षांत बरंच संशोधन झालंय आणि त्याची गोष्ट मोठी मजेशीर आहे.

१९७४ मध्ये रिचर्ड ईस्टरलिन या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की एका देशात, एका वेळी बघितलं तर श्रीमंत माणसं गरिबांपेक्षा जास्त सुखी असल्याचं सांगतात. पण अख्खी अमेरिका युद्धानंतर श्रीमंत होत गेली तरी लोकांचं सुख त्या मानानं वाढलेलं दिसेना. त्यांचं म्हणणं, माणूस आपली कमाई शेजाऱ्याच्या कमाईशी लावून बघतो. ते आम्हाला सांगायची गरज नव्हती. शेजाऱ्याच्या दारात दुसरा ट्रक आला त्याच दिवशी दादाच्या ट्रकचा रंग उतरला होता! २००८ मध्ये स्टीव्हन्सन आणि वुल्फर्स या दोघांनी जास्त देशांचे आकडे घेऊन ईस्टरलिनना आव्हान दिलं, की श्रीमंत देश सरासरीनं जास्त समाधानी असतातच. तो वाद अजून मिटलेला नाही.

मग २०१० मध्ये डॅनियल कानमन आणि अँगस डीटन, दोघेही नोबेलवाले, यांनी सांगितलं की अमेरिकेत वर्षाला साधारण ७५ हजार डॉलरच्या पुढं रोजचं सुख वाढत नाही. हा आकडा जगभर फिरला. आपल्या प्रवचनांतूनही मी ऐकलाय. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी ३३ हजारांहून जास्त लोकांना फोनवर दिवसातून अधूनमधून 'आत्ता कसं वाटतंय' असं विचारून बघितलं, तर सुख ७५ हजारांच्या पुढंही वाढत होतं. आता दोन अभ्यासक, दोन उलट निकाल. आपल्या गटात काय झालं असतं? दोन दिवस अबोला. त्यांनी तसं केलं नाही. कानमन आणि किलिंग्सवर्थ एकत्र बसले, बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ घेतलं आणि सगळे आकडे पुन्हा चाळले. २०२३ मध्ये तिघांचा एकच लेख आला. बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढतच राहतं. मात्र जे सगळ्यात दुःखी असे साधारण २० टक्के लोक आहेत, त्यांचं दुःख पैशानं एका मर्यादेपर्यंत कमी होतं आणि तिथं थांबतं. त्यांच्या मते ते दुःख वियोगाचं, मनाच्या आजाराचं असावं, आणि त्याला पैसा लागू पडत नाही. हे आकडे अमेरिकेचे आहेत, आपल्याकडे जसेच्या तसे लागू करू नका. पण एवढ्या नामवंत माणसानं आपला गाजलेला निकाल विरोधकाबरोबर बसून दुरुस्त केला, ही गोष्ट मला निकालापेक्षाही आवडली.

या सगळ्यात एक गणित लपलेलं आहे आणि ते माझ्या मते या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं. सुख रुपयांनी वाढत नाही, पटीनं वाढतं. महिना १५ हजारवाल्याचे ३० हजार झाले की तो जेवढी पायरी चढतो, तेवढीच पायरी चढायला ३ लाखवाल्याचे ६ लाख व्हावे लागतात. तेच १५ हजार ३ लाखवाल्याला दिले तर ती ५ टक्के वाढ, एखाद्या महिन्यात लक्षातही येणार नाही. तिकडं तेवढ्याच पैशात कुणाची मुलगी कॉलेजला जाते, कुणाच्या आईचा डोळा वाचतो. म्हणून 'वाढ चांगली की वाईट' हा प्रश्नच मला आता कच्चा वाटतो. कुणाच्या ताटात पडली आणि काय विकून आली, एवढं विचारलं की निम्मा वाद संपतो. आणि समाधान ठेवावं हा उपदेश आपण स्वतःला करावा, ज्याचा ट्रक अंगणात उभा आहे त्याला करू नये. मी दादाची माफी मागितली आहे. उशिरा मागितली.

आता धूर. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख कणांत कर्बवायूचे साधारण २८० होते. १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर नीट मोजणी सुरू झाली तेव्हा सुमारे ३१५. आज ४२० च्या वर. २०२४ हे वर्ष आतापर्यंतचं सगळ्यात उष्ण ठरलं, कारखानदारीपूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशानं जास्त. यावर आपल्या घरांत तीन तऱ्हेची वाक्यं ऐकू येतात. एक, हे अमेरिका-चीननं बघावं. दोन, विज्ञान काढेल काहीतरी. तीन, माणसाची हाव वाढली, प्रलय येणारच. तिन्हींत थोडं तथ्य आहे, म्हणून तर ती टिकून आहेत.

पहिलं घेऊ. भारतात दरमाणशी वर्षाला सुमारे २ टन कर्बवायू सोडला जातो, जगाची सरासरी पावणेपाचच्या जवळपास, अमेरिकेची १४ च्या आसपास. म्हणजे जबाबदारी सारखी नाही हे खरंच. पण २ टन ही सरासरी कुणाची? देशात दहातल्या जेमतेम एका घरात एसी आहे. हा लेख वाचणाऱ्या हैदराबाद-बडोद्याच्या किती घरांत नाही, ते तुम्हीच मोजा. मुलाकडे अमेरिकेला जाऊन-येऊन एका माणसाच्या वाट्याला जेवढा धूर येतो तो एका सरासरी भारतीयाच्या वर्षाच्या निम्म्याहून जास्त असतो. नातवाला बघायला जाऊ नका असं मी म्हणणार नाही, आमच्याही घरात तिकीट काढलेलं आहे. फक्त २ टनवाल्यांच्या रांगेत उभं राहून 'आम्ही काय केलंय' असं आपण म्हणू शकत नाही.

विज्ञानाचं म्हणाल तर ब्रिटननं १९९० पासून आपल्या हद्दीतला धूर जवळपास निम्मा केला आणि त्याच काळात तिथली अर्थव्यवस्था बरीच वाढली. ज्या देशानं कोळशाचं युग सुरू केलं त्यानं सप्टेंबर २०२४ मध्ये कोळशावर वीज करणारं शेवटचं केंद्र बंद केलं. काही माल ते आता बाहेरून आणतात, तो धूर दुसऱ्याच्या नावावर लागतो, हेही धरलं पाहिजे. तरी वाढ म्हटलं की धूर आलाच, हे गृहीतक पूर्ण खरं नाही एवढं नक्की.

पण त्याच ब्रिटनमध्ये १८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी कोळशावर पुस्तक लिहिलं आणि एक विचित्र गोष्ट दाखवली. वाफेची इंजिनं सुधारून कमी कोळशात जास्त काम करायला लागली, तर कोळसा वाचायच्या ऐवजी खप वाढला, कारण इंजिन परवडायला लागलं आणि जिथं तिथं बसलं. आमच्या घरी हेच झालं. पूर्वीचा एसी वीज खायचा, म्हणून पाहुणे आले किंवा कुणाला ताप असला तरच लावायचो. मग पाच स्टारचा घेतला. बिल कमी येतं म्हणून रात्रभर चालतो, आणि बिल कमी येतं म्हणूनच दुसऱ्या खोलीतही बसवला. आता एकूण बिल पहिल्यापेक्षा जास्त आहे. यंत्रानं त्याचं काम चोख केलं. वाचलेलं कुठं जाणार ते ठरवणारे आम्ही होतो, आणि आम्ही काही ठरवलंच नव्हतं.

प्रलयवाल्यांना एवढंच सांगेन की हे कर्जासारखं आहे, शापासारखं नाही. कर्बवायू हवेत शेकडो वर्षं राहतो. म्हणून यंदा थोडा कमी सोडला म्हणजे हवा सुधारली असं होत नाही, नवं कर्ज थोडं कमी काढलं एवढंच होतं. मुद्दल वाढतच असतं. दादाला हे मी सांगितलं तर तो म्हणाला, "हप्ता चुकला तर बँकेचा माणूस माझ्याकडे आला. यांचा हप्ता कुणाकडे जातो?" उन्हात रस्ता डांबरणारा मजूर, दुपारी दोनला पार्सल घेऊन येणारा मुलगा, यांच्याकडे जातो. त्यांनी कर्ज काढलेलं नाही.

सुखाचं एक अंग राहिलं, ते फार छोटं आहे पण मला त्यानं झोप लागू दिली नाही. २०२५ च्या जागतिक आनंद अहवालात एक प्रकरण एकत्र जेवण्यावर आहे. ओळखीच्या माणसांबरोबर जेवणाऱ्यांचं समाधान जास्त दिसतं, उत्पन्न काहीही असो. अमेरिकेत २०२३ मध्ये चारातला एक माणूस असा होता की ज्यानं आदल्या दिवशीची सगळी जेवणं एकट्यानं केली होती. हे वाचून मी खूश झालो, म्हटलं आपल्याकडे हे नाही. पुढच्याच पानांत दक्षिण आशियाचा आकडा होता, आठवड्याच्या चौदा जेवणांतली चारच्या आसपास एकत्र, आणि जगात सगळ्यात खालच्यांत आपणच. विश्वास बसेना. मग आमच्या स्वयंपाकघराकडे बघितलं. मुलं, मग पुरुष, मग म्हातारी माणसं, आणि सगळ्यांचं झाल्यावर ओट्यापाशी उभ्याउभ्या वहिनी. अहवालात हे कारण दिलेलं नाही, हा माझा तर्क आहे. पण २०१९ च्या सरकारी वेळवापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा वेळ सरासरी २९९ मिनिटं आहे, पुरुषांचा ९७. विहिरीच्या पाण्यासारखंच हे कामही जीडीपीत शून्य आहे. आपल्याच घरच्या आनंदाच्या हिशेबातही ते शून्य धरलेलं होतं, हे मात्र कुझ्नेट्सच्या माथी मारता येत नाही.

आता अभ्यास कसा करायचा ते. घरातल्या सगळ्यांनी, शक्यतो एका ताटाभोवती बसून, गेल्या दहा वर्षांत घरात काय काय वाढलं ते एका कागदावर लिहा. गाडी, खोली, पगार, कर्ज, औषधं, जे असेल ते. प्रत्येकासमोर दोन गोष्टी लिहा, ते यायला काय विकलं किंवा आटलं, आणि घरातल्या कुणाच्या वाट्याला ते आलं. मुलांना बोलू द्या. बडोद्याच्या भाच्यानं आणि इंदूरच्या ताईंनी आपले कागद एकमेकांना पाठवायचं कबूल केलंय.

आमच्या घरच्या कागदावर सध्या एक ओळ अडली आहे. लिलाव होऊन २०२४ पासून आमच्या तालुक्यात खाणकाम पुन्हा सुरू झालंय आणि पुतण्याला ट्रक घ्यायचाय. त्याचं वय पंचवीस, नोकरी दोन वर्षं शोधून झाली. नको म्हणायला माझ्याकडे उत्तर नाही आणि हो म्हणायला दादाची जीभ रेटत नाही. दादानं एवढंच केलंय की पोहऱ्याच्या दोरीला हाताहाताच्या अंतरावर गाठी मारल्या आहेत. दर महिन्याच्या एक तारखेला विहिरीत दोरी सोडतो आणि पाणी किती गाठी आहे ते कॅलेंडरवर लिहितो. जानेवारीत चौदा होत्या, फेब्रुवारीत बारा. पुतण्याला सांगितलंय, मेपर्यंतचे आकडे येऊ देत, मग दोघं बसू.

कागद गुरुवारी रात्री नऊपर्यंत गटावर फोटो काढून टाका. अक्षर वाईट असलं तरी चालेल.